दोन हिरव्या दिव्यांमधली जमीन

फणस हलला होता, याबद्दल विशाखाच्या मनात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की हे सांगायचं कुणाला.

घर बांधल्यापासून रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघत उभी राहायची. फणसाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात रवळनाथाच्या देवळाचा कळस बरोबर बसायचा. आज बेचक्यात नुसतं करडं आभाळ होतं. ती डाव्या पायावर झाली, उजव्या पायावर झाली, शेवटी स्टुलावर चढून पाहिलं. कळस फांदीआड गेला होता. देऊळ काही जागचं हलत नाही. मग हललं कोण?

पडवीतला दिवा मात्र हिरवागार होता. फोनवरही तेच लिहून आलं होतं : ‘आपली जमीन सुस्थितीत आहे.’ ती शाळेत शिकवत असताना ‘सुस्थितीत’ असलेल्या इमारतींमधून मुलांना रांगेनं बाहेर काढण्याची वेळ तिच्यावर आली होती, त्यामुळे या शब्दावर तिचा फारसा भरवसा नव्हता. चहा उतू गेला. तिनं तो तसाच पुसला आणि परत खिडकीशी आली.

देवखोलच्या या उतारावर वर जांभा दगड, आणि त्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकण माती. कोरडी असली तर कुदळीलाही दाद देत नाही, पोटात पाणी भरलं की साबणासारखी होते. विशाखा हायस्कुलात विज्ञान शिकवायची तेव्हा मुलांना वाळूच्या किल्ल्याचं उदाहरण द्यायची. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही. दमट वाळूचा होतो, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं. आणि लाट आली की तोच किल्ला बसतो, कारण सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की ती ओढ संपते आणि पाणी उलट कणांना दूर लोटायला लागतं. डोंगर वजनानं कोसळतो असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे तो आतल्या पाण्यानं कोसळतो.

वाळूतलं पाणी आपोआप निथळतं. चिकण मातीतलं निथळत नाही, फटी फार बारीक असतात. पण त्या मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यांच्या भोवतीच्या पाण्यात धन भाराचे कण जमलेले असतात. जमिनीत दोन कांड्या ठोकून बारीकसा वीजप्रवाह सोडला की ते धन कण ऋण कांडीकडे चालू लागतात आणि जाताना पाण्याला बरोबर घेऊन जातात. ही युक्ती आजोबा-पणजोबांच्या काळापासून माहीत होती, पण धातूच्या कांड्या झिजायच्या आणि वीज परवडायची नाही, म्हणून ती पुस्तकातच पडून राहिली. पुढे कार्बनच्या कांड्या आल्या, घराघराच्या छपरावर ऊन वीज करू लागलं, आणि ‘भूधार’ नावाचा संच बाजारात आला. वरच्या अंगाला धन कांड्या, खालच्या अंगाला ऋण कांड्या, त्यांच्याशी जमणारं पाणी वाहून नेणारे पाइप, आणि पडवीत एक दिवा.

त्यामागून कायदाही आला. ज्याचा हिस्सा, त्याचा संच, त्याचा दिवा. हिरवा असेल तर खुशाल राहा. लाल झाला तर तो हिस्सा आणि त्याच्या खालचे सगळे हिस्से तत्काळ रिकामे करायचे, तिथे कुणाचं काही चालणार नाही. जिथे बकरी चढताना विचार करायची तिथे माणसांनी स्लॅब टाकले. विशाखाच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, आयुष्यभर ज्या वरच्या तुकड्याकडे बघत उसासे टाकले होते, तिथे त्यांच्या पश्चात तिनं घर बांधलं. लग्न केलं नव्हतं, मागेपुढे कुणी नव्हतं. जे काही होतं ते हे घर होतं.

खालचं घर तिच्या चुलतभावाचं, गुरुनाथचं. दोन हिश्शांच्या मधोमध चिंचोळी पट्टी होती, तिच्यात तो फणस, आणि पट्टीच्या खालच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांची ठेंगणी भिंत, गडगा. ही पट्टी कुणाची यावरून अप्पा आणि त्यांचा भाऊ कोर्टात गेले, दोघेही तारखा करता करता वारले, आणि दावा पोरांकडे आला. पट्टीवर स्टे होता. तिथे खणायचं नाही, बांधायचं नाही, रोवायचं नाही. एकमेकांशी बोलायचं नाही असं मात्र कोर्टानं म्हटलं नव्हतं, ते भावकीनं आपलं आपण ठरवलं होतं.

संच बसवायला आलेल्या माणसांनी तेव्हा विचारलं होतं, पाइप कुठून न्यायचे. सरळ वाट पट्टीतून व्हाळाकडे, खालच्या ओढ्याकडे जात होती. पण पट्टीत खणायचं नाही. दुसरी वाट गुरुनाथच्या अंगणातून, आणि गुरुनाथ म्हणाला होता की वरच्यांचं पाणी मी मेलो तरी माझ्या हद्दीतून जाणार नाही. तेव्हा पाइप पट्टीच्या काठापर्यंत आणून सोडले. दावा निकालात निघेपर्यंत, तात्पुरते. विशाखानं सही केली होती. पाणी गेलं तर खालच्यांच्याच डोक्यावर जाईल, असंही तिच्या मनात आलं होतं आणि तेव्हा ते तिला गोड वाटलं होतं.

पुढे गडग्यातून पाणी झिरपायला लागलं, लाल ओघळ यायला लागले. गडगा पट्टीत मोडत नाही असं म्हणून गुरुनाथनं मग तो आतून बाहेरून सिमेंटनं लिंपला, पुरुषभर उंच केला, वर गणपतीच्या आधी पिवळा रंग दिला, आणि स्वतःचाही एक संच घेतला. त्याच्या पडवीतही हिरवा दिवा लागला.

चहा तसाच टाकून विशाखा छत्री घेऊन खाली पट्टीच्या कडेला आली. गडग्यापलीकडून आवाज आला.

“विशू, आसस काय गो?”

काकी. गुरुनाथची आई. सगळ्या भांडणात काकी तेवढी बोलत राहिली होती. गडगा ठेंगणा होता तेव्हा ती वरून वाटी पुढे करायची. फणसाची भाजी, खांडवी, कधी नुसतं लोणचं. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून विशाखाही काहीतरी घालून द्यायची. गडगा उंच झाला आणि शेवटची वाटी तिच्याकडेच राहिली.

“आसंय काकी.”

“देवाच्या खोलयेचा दार लागणा नाय गो. काल गुरूनं रंधो मारल्यान. आज परत अडाकता.”

“पावसान फुगला असात.”

“फुगती तर सगळी दारा फुगती. ह्या एकच कशाक?” काकीचा आवाज गडग्याजवळ आला. “आणि बावीचा पाणी चायसारख्या झाला हा. गुरू म्हणता, दिवो हिरवो आसा, तू गप बस. तू मास्तरीण, म्हणान तुका इचारलंय.”

“काकी, तू खंय निजतंस?”

“देवाच्याच खोलयेत. खंय निजतलंय?”

देवाची खोली गडग्याला लागून होती. घराचं दार अडतं तेव्हा दार फुगलेलं असतं किंवा चौकट वाकडी झालेली असते. चौकट वाकडी होते ती भिंत सरकते म्हणून.

ती वर आली आणि पुण्यातल्या मदत केंद्राला फोन लावला. ऋजुता दामले नावाची अभियंता होती, आवाजावरून तरुण आणि सज्जन. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, तुमचा संच हिरवा आहे. खालच्या हिश्शाचाही हिरवा आहे. दोन्ही जमिनी छान सुकलेल्या आहेत.”

“आणि मधली पट्टी?”

“तिथे कांडी नाही ना. आमच्या नकाशावर ती पांढरी दिसते.”

“पांढरी म्हणजे सुरक्षित?”

“नाही,” ऋजुता हळू म्हणाली, “पांढरी म्हणजे माहीत नाही.”

“माझ्या संचानं आजवर किती पाणी काढलं असेल?”

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. “बरंच आहे. एखादी विहीर काठोकाठ भरेल, एवढं. ते व्हाळात गेलं असेल, नाही का?”

विशाखानं खिडकीतून गडग्याकडे पाहिलं. तिच्या जमिनीतून वीज पाणी खाली ढकलत होती. सिमेंटचा गडगा ते पुढे जाऊ देत नव्हता. गुरुनाथनंही आपलं अंगण खणायला नको म्हणून ऋण कांड्या उलट वरच्या कडेला ठोकून घेतल्या होत्या, आणि त्याचंही पाणी गडग्याच्या बुडाशी येऊन जमत होतं. दोघं आपापलं अंगण झाडून केर एकाच कोपऱ्यात लोटत होते. दिवे दोघांचेही हिरवे, कारण ज्याचा हिस्सा त्याचा दिवा, आणि त्या कोपऱ्याला दिवाच नव्हता.

“तुम्ही लाल जाहीर करू शकत नाही?”

“संचाच्या नोंदीशिवाय नाही, मॅडम. मी तहसीलला कळवते, पण नोंद नाही आणि वर वादातली जागा, ते आज काही करतील असं मला वाटत नाही.”

संचाबरोबर हातात धरायची एक सळई मिळत असे, ओल मोजण्याची. विशाखानं ती घेतली आणि पट्टीत उतरली. स्टे लागल्यापासून तिथे तिनं पाऊल टाकलं नव्हतं. सळईवर जोर द्यायची गरजच पडली नाही, ती आपल्याच वजनानं आत गेली, भिजवलेल्या कणकेत बोट जावं तशी. आकडा चढत चढत शेवटाला गेला आणि तिथेच राहिला.

“कोणाक इचारून पट्टीत पाय घातलंस?”

गुरुनाथ गडग्याला शिडी लावून वर चढला होता. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात फोन. कित्येक वर्षांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

“गुरूदा, ह्या बघ.”

“माका नको दाखव. स्टे आसा. मी फोटो काढतंय.”

“काढ. पण काकीक आणि वहिनीक घेवन आजच भायर पड. शाळेत जावा. ही पट्टी जातली.”

“व्हय तर. माजो दिवो हिरवो, तुजो दिवो हिरवो, आणि मी घर सोडून जातंय. मगे तू हंय आपलो गडगो घालतलंस.” त्यानं गडग्यावर थाप मारली. “तुज्या बापाशीन ह्याच केल्यान. माजो बापूस मुंबयक आजारी पडलो, तर मागे हंय चिरे रचल्यान.”

हे खरं होतं. अप्पांनीच एकदा तिला हसत हसत सांगितलं होतं.

“तां वेगळा होता,” ती म्हणाली.

“वेगळा कसला? तुमचा पाणी वेगळा, तुमची माती वेगळी.” त्यानं फोटो काढला. “तुजी जमीन सुकी, म्हणान तू वर उभी रवान शिकवतंस. तुजो दिवो लाल झालो तर सांग. मगे जातंय मी.”

तो शिडी उतरून गेला. विशाखा चिखलात तशीच उभी राहिली. मरा तर मग, असं तिला क्षणभर वाटलं, अगदी मनापासून. मग तिला त्याचं शेवटचं वाक्य परत ऐकू आलं.

घरी येऊन तिनं कोरडे कपडे घातले, खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. दिवा लाल झाला तर. दिवा लाल करता येत होता. तिला तो कसा करायचा हेही ठाऊक होतं, कारण दर उन्हाळ्यात ती त्यातलंच थोडं करत होती. चैत्र-वैशाखात ही माती फार सुकली की आकसते आणि भिंतींना चिरा जातात. म्हणून तेव्हा थोडा वेळ प्रवाह उलटा द्यायचा, म्हणजे खालच्या कडेचं पाणी वर सरकतं आणि जमिनीला बेताची ओल मिळते. पावसाळ्यात ते बटण बंद असे. उघडायला मालकाची संमती आणि केंद्राची चावी लागे.

तिनं परत फोन लावला. संच आत्ता उलटा चालवायचा आहे, असं ऋजुताला सांगितलं.

“मॅडम, तुम्ही काय मागताय ते कळतंय ना? पट्टीतलं पाणी तुम्ही स्वतःच्या घराखाली ओढून घेणार.”

“पट्टी वाचेल का त्यानं?”

“नाही. थोडा भार कमी होईल, एवढंच. तिथे पाणी फार आहे.”

“संध्याकाळपर्यंत माझा दिवा लाल होईल?”

“त्याच्या आधीच होईल. पण तुमची माती एकदा अशी फुगली की तिची घडण मोडते. नंतर कितीही सुकवली तरी राहण्याचा दाखला मिळणार नाही. घर उभं राहीलही कदाचित. तुम्हाला त्यात राहता येणार नाही, कधीच.” मग ती म्हणाली, “मी चावी देऊ शकते. मालकाची जमीन आहे, मालकाचा हक्क आहे. पण तुम्ही थोडा विचार करा.”

विशाखानं विचार केला असं म्हणता येणार नाही. ती नुसती घरातून फिरत राहिली. अप्पांच्या फोटोसमोर आली. त्यांना काय वाटलं असतं हे तिला चांगलं माहीत होतं, म्हणून तिथे फार थांबली नाही. माजघरातली लाल कोब्याची जमीन तिनं स्वतः मिस्त्रीच्या डोक्यावर बसून घोटून घेतली होती. खिडकी कुठे ठेवायची हे कळसाकडे बघून ठरवलं होतं. तिला हे घर सोडायचं नव्हतं. दुसऱ्याच्या हट्टापायी तर मुळीच नाही. गुरुनाथनं ऐकलं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं, आणि आपण त्या पाइपांवर सही केली नसती तरीही करावं लागलं नसतं.

ओट्यावर काकीची वाटी होती. स्टीलची, बुडाला काकांचं नाव कोरलेली. विशाखा तिच्यात मीठ ठेवायची.

तिनं ऋजुताला फोन करून चावी मागितली.

प्रवाह उलटल्यावर काही आवाज झाला नाही, काही दिसलंही नाही. ती मुकाट्यानं सामान बांधायला लागली. दुपारी जेवण गेलं नाही. माजघरातल्या कोब्यावर केसाएवढी रेघ उमटली, ती तिच्या डोळ्यांदेखत उंबऱ्यापर्यंत गेली. दिवा पिवळा झाला. कपाटातली पुस्तकं बाहेर काढेपर्यंत तो लाल झाला, आणि संबंध वाडीत भोंगा वाजू लागला.

पोलीसपाटील आले, आपत्ती पथकाची पोरं आली, मागून दोन विजेवरच्या रिक्षा आल्या. आता कुणालाच काही विचारायचं नव्हतं. वरचा हिस्सा लाल, खालचे सगळे हिस्से रिकामे. गुरुनाथ अंगणात हातवारे करत होता, माझा हिरवा आहे म्हणून सांगत होता. पोलीसपाटलांनी त्याला शांतपणे सांगितलं, “तुजो हिरवो, पण तिचो तुज्या डोक्यार आसा मा?”

तो तावातावानं वर आला, बहुधा भांडायलाच. विशाखा पडवीत ट्रंक ओढत होती. त्यानं दिव्याकडे पाहिलं, कोब्यावरच्या भेगेकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं.

“खराच लाल झालो,” तो म्हणाला.

“तू म्हणालंस, लाल झालो तर सांग.”

त्यानं ट्रंकेची दुसरी कडी धरली. दोघांनी ती खाली नेऊन रिक्षात ठेवली. मग गोठ्यातली गाय सोडायला तो गडग्याच्या मागे गेला आणि तिथून त्यानं वहिनीला मारलेली हाक सगळ्यांनी ऐकली. गडग्याचं पोट सुटलं होतं. पिवळा रंग फुगून पापुद्र्यांनी गळत होता, आणि देवाच्या खोलीच्या भिंतीत हात जाईल एवढी फट पडली होती. गाय सोडली, काकीला त्यानं उचलूनच आणलं. देव मागे राहिले म्हणून काकी रिक्षात बसून त्याला बोलत होती, आणि तो ऐकून घेत होता.

दिवेलागणीला शाळेच्या व्हरांड्यात सगळे भात-आमटीच्या रांगेत असताना आवाज आला. एकदम नाही, कुणीतरी चिऱ्यांची गाडी ओतावी, मग दुसरी ओतावी, मग ओततच राहावी, तसा. धुकं बाजूला झालं तेव्हा उतारावर एक लाल ओरखडा दिसला. पट्टी नव्हती. फणस नव्हता. गडगा, गोठा आणि देवाची खोली नव्हती. गुरुनाथचं पुढचं अर्धं घर उभं होतं, पडवीतला दिवा विझलेला. वर, ओरखड्याच्या अगदी काठाला, विशाखाचं घर होतं, धड दिसत होतं, आणि पडवीतला दिवा लाल जळत होता.

वहिनी रडायला लागली. काकी ज्या बाजूला डोकं करून निजायची त्या बाजूकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळानं गुरुनाथ विशाखाच्या शेजारी बाकावर येऊन बसला.

“सकाळी तुजी जमीन सुकी होती,” तो म्हणाला. “माका ठावक हा. हिरवो होतो दिवो.”

“व्हय.”

“मगे लाल कसो झालो?”

तिनं सांगितलं. थोडक्यात, मुलांना सांगायची तसं. तो ऐकताना हातातल्या ताटाकडे बघत होता. भात गार झाला.

“म्हणजे आता तू थंय रवाक शकणा नाय.”

“नाय.”

“कधीच?”

“कधीच.”

त्यानं ताट खाली ठेवलं. काहीतरी बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायचे शब्दच उरले नव्हते, कोर्टातले तेवढे होते.

“सोमवारी तारीख आसा,” तो म्हणाला.

“कसली?”

“पट्टीची.”

दोघांनी समोर पाहिलं. पट्टी व्हाळात पडली होती आणि व्हाळ तिला लाल पाण्यातून खाडीकडे नेत होता.

“काय सांगायचा जजाक?” गुरुनाथनं विचारलं.

“सांगूया, पट्टी गैरहजर आसा.”

तो हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, आणि मग ते हसू नव्हतं. विशाखानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी त्याच फणसावरून तो पडला होता तेव्हा ठेवला होता, त्यानंतर आज.

काकी ताट घेऊन जवळ आली. विशाखाला आठवण झाली. तिनं पिशवीत हात घातला आणि वाटी काढली. घाईघाईत तिनं काय काय मागे टाकलं होतं, चष्म्याचं घर, अप्पांचा फोटोसुद्धा, पण ही कशी कोण जाणे आली होती. तळाशी ओलसर मीठ चिकटलं होतं.

काकीनं वाटी हातात घेऊन उलटी केली, नाव वाचलं, सुलटी केली.

“मीठ आसा,” ती म्हणाली. “रिती नाय आणलंस.”

तिनं त्यातलं चिमूटभर विशाखाच्या भातावर घातलं, चिमूटभर गुरुनाथच्या. आमटी अळणीच होती. तिघं जेवायला बसली. जेवता जेवता विशाखाचे डोळे पुन्हापुन्हा उताराकडे जात होते. सगळ्या उतारावर आता एकच दिवा पेटलेला होता, तो लाल होता, आणि आज पहिल्यांदाच त्याच्याकडे बघताना तिच्या मनात काही शंका नव्हती.